चंद्राकाकी आणि खारट पत्रा

चंद्राकाकीला कुणाचीही गाडी नुसती बघून सोडवत नसे. हात लावल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. बाजारात उभी असलेली असो, दवाखान्याबाहेर लावलेली असो, गाडी दिसली की काकी पदराचं टोक तळव्याखाली घ्यायची, डोळे मिटायची आणि दरवाजावरून, बोनेटवरून असा हात फिरवायची की मालकाला वाटावं, ही बाई गाडीची दृष्ट काढतेय. मग डोळे उघडून निकाल द्यायची. "हितं ठोकलेली हाय." कुणी विचारलेलं नसायचं, तरी द्यायची. आवाजही असा की या बांधावरून त्या बांधाला ऐकू जावा. तो मिठागरातच तयार झालेला होता, कारण काकी खाडीकडच्या मिठागरवाल्यांची लेक.

माझ्या पुतणीच्या लग्नात तिनं जी मजा केली ती आमच्या घरात अजून सांगतात. नवरदेवाची गाडी हॉलच्या अंगणात फुलं लावून उभी होती. जुनी घेतलेली, पण "एका डॉक्टरांनी फक्त घर ते दवाखाना वापरलीय" असं नवरदेवाचे काका येईल त्याला सांगत होते. काकी अक्षता टाकून बाहेर आली, पदर तळव्याखाली घेतला आणि झेंडूच्या माळेच्या खालून हात सरकवला. मी लांबून हातानं नको नको करत होतो. तिनं डोळे मिटलेले, तिला काय दिसणार! "नवरदेवाची गाडी एकदा लोळलेली हाय बरं का!" तिनं जाहीर केलं. काकांचा चेहरा पडला, माझा भाऊ माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायला लागला. पुढच्याच आठवड्यात तेच काका गाडी घेऊन गुपचूप माझ्या दुकानासमोर हजर. काकीनं त्यांना दरवाजाखालचा जोड दाखवला, आणि त्यानंतर त्या घरच्या प्रत्येक कार्याचं आमंत्रण तिला माझ्याआधी जायला लागलं.

माझं पेणला रंगाचं दुकान. पुट्टी, प्रायमर, पॉलिश पेपर, थिनर, सगळं मिळतं. काकी आधी माझ्याकडे यायची ती एका गणपतीच्या कारखान्यातून, पेपर न्यायला. मूर्ती वाळली की तिच्यावरचे खड्डे भरायचे, ती घासून गुळगुळीत करायची आणि मग रंगाऱ्याच्या हवाली करायची, हे तिचं काम. पेपर घेताना ती तो गालाला लावून बघायची. "शेठ, ह्यो पेपर हाय का खवणी? देवाच्या अंगाला लावायचाय!" असं म्हणून मी दिलेला पेपर परत माझ्यापुढे सरकवायची. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर जरा मोठ्यानं म्हणायची. मला राग यायचा आणि ती गेली की मी पेपर गालाला लावून बघायचो.

दुकानाच्या शेजारी रज्जाकभाईंची शेड. डेंटिंगचा हा माणूस हातोडीचा बादशहा, पण घासकामाचा त्याला मनस्वी कंटाळा. त्याचा घासणारा गडी नागोठण्याकडच्या कंपनीत शिफ्टला लागला आणि रज्जाकभाई रोज माझ्या गल्ल्यापाशी येऊन हुश्श करायला लागले. त्यातच गणपती रवाना होऊन कारखाना थंडावला होता. मी म्हटलं, काकीला विचारा.

"गणपती अलग, गाडी अलग," रज्जाकभाई म्हणाले.

काकी तिथंच उभी होती. "अंग त्ये अंग," ती म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

पहिल्याच कामात तिनं रज्जाकभाईंची अब्रू घालवली. एका मासळीवाल्याचा टेम्पो होता, मडगार्डला बारीक बारीक खड्डे. रज्जाकभाई जेवायला गेले तेवढ्यात काकीनं कुणाला न विचारता कारखान्यातून आपली डिंकात कालवलेली खडूची भुकटी आणली आणि खड्डे भरून टाकले, अगदी गणपतीच्या पोटाचे भरतात तसे. घासलं असं की रज्जाकभाईंनी हात फिरवून "वा!" म्हटलं. त्यावर रंग चढला, मासळीवाला खूश होऊन गाडी घेऊन गेला आणि बाजारात नेहमीसारखी पाणी मारून धुतली. खडू फुगला, आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सगळा रंग सुटून त्याच्या हातात आला. तो शेडमध्ये येऊन जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरी कुणी असती तर परत आली नसती. काकी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. "मूर्ती पानी पेते, पत्रा पेत नाय. येवढंच चुकलं. आता सांग तुजी पुट्टी कशी लावतात," ती रज्जाकभाईंना म्हणाली, जणू चूक त्यांची होती. मासळीवाल्याचं मडगार्ड तिनं खरवडून पुन्हा केलं. आणि तिथून पुढे ती जे शिकत गेली ते बघायला मी दुकान सोडून शेडच्या दारात उभा राहायला लागलो. बायको म्हणायची, दुकान तिकडेच हलवा.

काकीचे काही कायदे होते. उघडा पत्रा निजवायचा नाही, हा पहिला. इथली खाडीची हवा अशी की घासून चकाकलेला पत्रा सकाळी पिवळा दिसायला लागतो. म्हणून जेवढा दिवसात प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करायचा. दुसरा कायदा, उघड्या पत्र्याला कुणी बोट लावायचं नाही. घामाचा हात लागला की ती ओरडायची, मग तो रज्जाकभाईंचा असो नाहीतर गाडीच्या मालकाचा. आणि प्रायमर वाळला की ती त्यावर काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा मारायला लावायची. याला ती काजळ म्हणायची. काजळ घासून काढताना जिथं काळं उरेल तिथं खड्डा. एवढं करूनही शेवटी पदर घेतलेला हात फिरायचाच. कापडातून जास्त कळतं, असं तिचं म्हणणं होतं. मी करून बघितलं, मला काही कळलं नाही.

आता पिकअपचं सांगतो. काकीचा नवरा महादू स्वतःच्या पिकअपवर ड्रायव्हर. खाडीकडून मीठ आणि सुकट भरायची, रोह्याकडच्या गावांना पोचवायची, हा त्याचा धंदा. तो आजारानं गेला तेव्हा पिकअप निडीला त्याच्या भावाच्या, वसंताच्या, दाराशी लावली गेली ती तिथंच राहिली. काकी पेणला आली आणि गाडीवर भोपळ्याचा वेल चढला. वसंता तसा वाईट माणूस नव्हे. रोह्याला कंपनीत नोकरी, शब्दाला पक्का, पण नीटनेटकेपणाची भारी आवड. त्यानं नवी कार घेतली आणि तिला जागा हवी म्हणून भंगारवाल्याशी बोलणं केलं. शिवाय त्याचं म्हणणं, वहिनीनं पेणला एकटीनं राहून लोकांच्या गाड्या घासण्यापेक्षा निडीला घरी यावं, दोन घास सुखानं खावेत.

काकी निडीला जाऊन वसंतासमोर उभी राहिली. "भावजी, गाडी मला द्या. मी ती उभी करते. गणपतीचा माल पेनवरून रोह्याला मीच टाकीन."

"वयनी, तिचा तळ नाय ऱ्हायला. कोंबड्या खालून वर जातात तिच्यात."

"जाऊ देत. मी बघते."

वसंतानं मग अट घातली. गणपतीच्या हंगामाआधी गाडी आरटीओचं पासिंग होऊन त्याच्या दारात आली, तर गाडी वहिनीची. नाही झाली, तर गाडी भंगारात आणि वहिनी निडीला. काकीनं लगेच हो म्हटलं. पेणला येऊन मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मी तिचा आवाज खाली आलेला ऐकला. "शेठ, जमलं नाय तर मी त्यांच्या वसरीत बसून तांदूळ निवडीत मरेन," ती म्हणाली.

गाडी टोचन करून आणायची ठरली. पुढे माझा टेम्पो, मागे दोरानं बांधलेली पिकअप, तिच्या स्टिअरिंगवर रज्जाकभाई आणि शेजारी काकी. काकीच्या बाजूला केबिनचा तळ जवळजवळ नव्हताच, म्हणून ती पाय डॅशबोर्डवर टेकवून बसली होती. निडीपासून नागोठणं, नागोठण्यापासून गडब, सगळा रस्ता तिनं दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघितला. गडबला आम्ही चहाला थांबलो तर ही उतरेना. लोक जमून बघायला लागले तशी म्हणाली, "काय बघता? सरकारला इचारा, हायवेला किती खड्डे हायत ते माज्याइतकं कुनाला म्हायती नसंल!" भोपळ्याचा वेल तिनं उपटू दिला नव्हता, नुसता कापून ठेवला होता. त्यातले दोन कोवळे भोपळे तिनं चहावाल्याला दिले.

शेडमध्ये रज्जाकभाईंनी कुजलेला पत्रा कापायला घेतला तर हौद्याची बाजूच सुटून आली. तळ नवा, हौद्याचा अर्धा पत्रा नवा, दरवाजे ठोकून सरळ केलेले, असं काम आठवडे चाललं. इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिकनं बघितलं. काकी सकाळी कारखान्यात गणपती घासायची आणि दुपारी शेडमध्ये पिकअप. हंगाम तोंडावर आलेला, कारखान्यातून तिला सोडत नव्हते. दोन्हीकडची धूळ तिच्या भुवयांवर बसलेली असायची, अर्धी पांढरी, अर्धी राखाडी. अखेर सगळ्या गाडीला प्रायमर बसला, काजळ झालं, घासून झालं. पासिंगचा दिवस ठरला. रज्जाकभाईंनी माझ्याकडून पांढरा रंग नेला, कारण मूळ रंग तोच आणि पासिंगला तोच लागतो.

रंग मारायचा त्या सकाळी काकीनं शेवटचा हात फिरवला आणि बोनेटवर थांबली. मग हौद्याच्या बाजूला गेली, परत बोनेटवर आली.

"रज्जाक, कातडीखाली रवा हाय."

रज्जाकभाईंनी बघितलं, मी बघितलं. बारीक बारीक फोड होते, तिरकं बघितलं तरच दिसतील असे. रज्जाकभाई म्हणाले, "काकी, धूल है. पांढऱ्यात काय दिसणार? पासिंगवाले काय हात फिरवायला बसलेत?"

काकीनं पात्याच्या टोकानं एक फोड उकलला. आत गंजाचा ठिपका. तिनं त्यावर ओलं बोट दाबलं आणि सरळ जिभेला लावलं. मिठागरात आगराचं पाणी कितपत पिकलं ते चाखून बघतात, ती लहानपणापासूनची सवय. "खारट," ती म्हणाली. मग तिचं लक्ष शेजारच्या बादलीकडे गेलं. घासताना पेपर भिजवायला आम्ही जे पाणी वापरायचो ते शेडच्या बोअरचं. तिनं त्यात बोट घातलं आणि चाखलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, तिला काहीतरी चावलं.

"मचूळ हाय! आगं बाय माज्ये! आख्खी गाडी मी मिठाच्या पान्यानं घासली!"

खाडीकाठच्या आम्हा लोकांना बोअरचं मचूळ पाणी इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या गाड्यांना ते चालून गेलं असेल. पण या पिकअपनं आयुष्यभर मीठ आणि सुकट वाहिलेली, तिच्या पत्र्यात आधीच मीठ मुरलेलं, आणि वरून आम्ही रोज तेच पाणी पाजत होतो. काकी बादलीपाशी बसली आणि स्वतःलाच शिव्या घालायला लागली. मिठागरवाल्याची पोर आणि पाणी चाखल्याशिवाय वापरलं, हे तिला सहनच होईना. मला तिच्याकडे बघवेना.

मग ती उठली आणि पातं घेऊन बोनेटवरचा प्रायमर ओरबाडायला लागली. नेमका त्याच दुपारी वसंता आला. बरोबर रोह्याचा भंगारवाला. कामासाठी पेणला आलो होतो, म्हटलं बघून जाऊ, असं तो म्हणाला. आणि बघतो तो पासिंग जवळ आलेलं आणि गाडी निम्मी नागडी.

"वयनी, पुरं आता. आंग झिजवलंत तुमी हिच्यापायी."

काकीचा हात थांबला नाही. "भावजी, आज रंग लावला तर पास व्हईल. दिवाळीला फुगंल, शिमग्याला फुटंल. मंग तुमी म्हनाल, बोललो नव्हतो का. सरका जरा, उजेड आडतोय."

वसंता सरकला. भंगारवाला गाडीभोवती एक चक्कर मारून रज्जाकभाईंना म्हणाला, "वेल्डिंग चांगलं केलंय," आणि बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

मीठ घासून जात नाही, गोड पाण्यानं धुऊनच जातं, हे तिला पक्कं ठाऊक. गोडं पाणी आणायचं कुठून? नळाला त्या दिवसांत गढूळ धार. पण श्रावण होता, शेडच्या पत्र्यावरून पागोळ्या लागलेल्या. काकीनं माझ्या दुकानातले रंगाचे रिकामे डबे, पिंपं, जे मिळेल ते मागवलं आणि पागोळ्यांखाली ओळीनं मांडलं. मी स्वतः डबे धुऊन देत होतो, कारण न धुतलेला डबा ती परत पाठवायची. गरम केलेलं पागोळ्यांचं पाणी पत्र्यावर ओतायचं, ब्रशनं जोडाजोडांत घालायचं, निथळणारं शेवटचं पाणी वाटीत धरायचं आणि चाखायचं. "खारट." पुन्हा. "खारट." पुन्हा. वसंता भंगारवाल्याला परत पाठवून स्वतः तिथंच बसून राहिला होता. कधीतरी त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डबे उचलून द्यायला लागला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मग एकदा काकीनं वाटी तोंडाला लावली आणि पुन्हा एक घोट घेतला. वाटी तिनं रज्जाकभाईंना दिली, रज्जाकभाईंनी मला, मी वसंताला. गंजक्या गाडीचं धुवण आम्ही चार शहाणी माणसं तीर्थासारखं पीत होतो.

"आळनी," वसंता म्हणाला.

"आळनी!" काकी ओरडली, आणि समोरच्या केळीवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

पत्रा ओला ठेवून चालणार नव्हता. गणपती पावसाळ्यात वाळवायचे मोठे दिवे काकीनं कारखान्यातून आधीच मागून ठेवले होते. ते गाडीभोवती लावले तसा पत्रा तापून कोरडा खडखडीत झाला, आणि तांबूस झाक यायच्या आत रज्जाकभाईंनी प्रायमरची बंदूक चालवली. पुढचं घासकाम सगळं पागोळ्यांच्या पाण्यावर. पांढरा रंग चढला तेव्हा काकी जरा नाराजच होती. एवढं सपाट केलेलं पांढऱ्यात कुणाला दिसत नाही, हे तिचं दुःख. त्यावर तिनं उपाय काढला. शेडमध्ये येईल त्याला ती दरडावायची, "बघू नका, हात लावा." केळीवाला, पोस्टमन, कारखान्याचे मालक, सगळ्यांनी हात लावले. माझ्या बायकोनं लावला आणि म्हणाली, आपली देवघराची फरशी काकीकडून करून घेऊ या.

पासिंगच्या मैदानात मी गेलो होतो. इन्स्पेक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं दिवे बघितले, ब्रेक बघितले, केबिनच्या तळावर टाच आपटली. आवाज भरीव आला. काकीनं लांब उभं राहायचं होतं, तसं तिनं कबूल केलं होतं. पण तो पुढच्या गाडीकडे वळला तशी तिला राहवेना. "सायेब, हात लावा की!" तो चमकून थांबला. मग हसला, आणि त्यानं बोनेटवर हात फिरवला, काचेपासून पार पुढच्या कडेपर्यंत. "कुणी केलंय हे काम?" त्यानं विचारलं. रज्जाकभाईंनी बोट दाखवायच्या आत काकी म्हणाली, "मी." गाडी पास झाली. मला इतका आनंद झाला की मी दुकान उघडायचंच विसरलो.

पिकअप पेणला न वळवता थेट निडीला नेली. स्टिअरिंगवर रज्जाकभाई, शेजारी काकी, या वेळी पाय खाली, नव्या तळावर ऐटीत टेकवलेले. मागून मी स्कूटरवर. वसंताच्या दारात गाडी उभी राहिली, काकीनं हात लांबवून हॉर्न दाबला तो सोडेचना. वसंता बाहेर आला, त्याची बायको आली, शेजारीपाजारी आले. वसंतानं कुणी न सांगता हात लावला. बराच वेळ तो दरवाजावरून हात फिरवत राहिला. "दादाच्या टायमालाबी अशी नव्हती, वयनी," तो म्हणाला आणि खिशातून दुसरी चावी काढून त्यानं तिच्या हातात ठेवली. त्याची बायको रडायला लागली, मग काकीही रडली, रडतानाही आवाज तोच.

त्या वर्षी गणपतीचा माल रज्जाकभाईंनीच गाडी चालवून टाकला. पण त्यानंतर काकी सकाळच्या वेळी मोकळ्या मैदानात गाडी शिकली, कुंपणाचे दोन खांब पाडले, तेही स्वतःच उभे केले आणि लायसन काढलं. पुढे रोह्याच्या वाटेवर तिनं स्वतःची छोटी शेड घातली. घासकाम तिथं, आणि हंगामात मालवाहतूक. पेणला माझ्या दुकानात येणं कमी होत गेलं. पेपर परत करणारं गिऱ्हाईक आता मला कुणी राहिलं नाही, आणि खरं सांगतो, त्याची चुटपुट लागते.

गेल्या गणपतीच्या आधी मी रोह्याहून परत येताना गडबला चहाला थांबलो. तिथं वसंता भेटला, तोही आपली कार लावून चहा पीत उभा होता. पाऊस नुकताच उघडला होता. पेणकडून एक पांढरी पिकअप आली, हौद्यात गोणपाटात गुंडाळलेले गणपती दाटीवाटीनं उभे, त्यांचे मुकुट तेवढे बाहेर. स्टिअरिंगवर काकी, दोन्ही हात घट्ट, नजर सरळ रस्त्यावर. खड्डा आला की गाडी अशी हळू उतरवायची आणि चढवायची की एकही मुकुट हलत नव्हता. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. काकी कुणाला जुमानत नव्हती. आमच्यासमोरून जाताना तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस म्हणाला, "बाई चालवतेय! आणि गाडी बघा की, नवी दिसते."

वसंतानं कप खाली ठेवला. "आमची गाडी हाय," तो म्हणाला. मग लगेच त्यानंच सुधारलं. "आमच्या वयनीची."

आणि पिकअप नागोठण्याच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा होता.